तांडेलाच्या बायकोची आंघोळ

नवरा तांडेल म्हणून लागातोई, म्हणजे आमचं शिडाचं गलबत, घेऊन पश्चिमेला गेला की बायकोनं आंघोळ करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. केस विंचरायचे नाहीत, घराची पायरी उतरायची नाही, कुणाशी भांडायचं नाही आणि चूल विझू द्यायची नाही. त्या चुलीतला विस्तव कुणाला द्यायचाही नाही, कारण विस्तव घराबाहेर गेला की नवऱ्याचा वारा त्याच्याबरोबर गेला. यातली भांडायचं नाही ही अट मला सगळ्यात जड गेली, हे आधीच सांगून टाकते.

हे नियम कुणी घालून दिले म्हणाल, तर समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका देवानं. माझ्या सासरच्या मोटू लोकांचा मूळपुरुष मासे मारायला गेला होता. त्या देवानं त्याचं डोकं धरून त्याला पाण्याखाली ओढलं. दोस्तांनी शोधलं, तर नुसते पाय पाण्याच्या वर. पण त्या तेवढ्या वेळात देवानं त्याला सगळं शिकवलं. ओंडके कसे जोडायचे, खेकड्याच्या नांगीसारखी शिडं कशी शिवायची, मडकी भरून पश्चिमेच्या आखातात कसं जायचं आणि तिथून साबूचं पीठ भरून कसं परतायचं. आणि जाता जाता, घरी बायकोनं काय काय करू नये, तेही. नाकातोंडात पाणी जात असताना हा माणूस एवढं सगळं पाठ करून वर आला. माझ्या नवऱ्याला, होमोकाला, मी कोरड्या जमिनीवर तीनदा बजावून सांगितलं तरी तो मीठ विसरून येतो.

मी मोटू नाही. मी कोइताबू, मागच्या टेकडीवरची. आमचे लोक वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, मारणारे, रताळी लावणारे, पाण्यापासून चार हात लांब राहणारे. मोटू आणि कोइताबू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, सोयरिकी करतात, सरकारदरबारी दोघांचं नाव एका दमात घेतात. तरी समुद्रावर काही बिनसलं की मोटू लोकांची मान हळूच टेकडीकडे वळते. कारण वारा आमचा, असं पूर्वीपासून धरलेलं आहे. माझी आजी सांगायची, मोटू तांडेल निघायच्या आधी मासे आणि मडकी घेऊन टेकडी चढायचे आणि आमच्या म्हाताऱ्यांना म्हणायचे, बाबांनो, वारा सोडा. सासरच्या गोष्टीत हा भाग नाही. एवढी मोठी गोष्ट, देव काय, पाय काय, पण टेकडीचा चढ तेवढा गाळलेला.

तर होमोका. गावातून खरंखुरं गलबत पश्चिमेला जाऊन कैक वर्षं झाली होती. दरवर्षी मोर्सबी शहराच्या उत्सवात गावची पोरं लागातोई बांधतात, बंदरात एक फेरी मारतात, गाणी म्हणतात आणि जेवायला घरी येतात. गेल्या वर्षी उत्सवानंतर बिअर जरा जास्त झाली आणि होमोका उभा राहून म्हणाला, पुढच्या वर्षी मी खरंच जाणार, आखातापर्यंत, मोटारीशिवाय. सकाळी त्याला आठवत नव्हतं. पण ऐकणाऱ्यांना आठवत होतं.

मग वर्षभर ओंडके, दोर, शिडं. मडक्यांचं काम माझ्या नणंदेकडे होतं. गेउआवन्सं म्हणजे होमोकाची थोरली बहीण, आमच्या शेजारी, आमच्यासारखंच पाण्यात रोवलेल्या खांबांवर त्यांचं घर, मध्ये चार फळ्यांचा साकव. मडकी करणाऱ्या गावात आता मोजून तिघीजणी उरल्यात, त्यातल्या या पहिल्या. मी बसायला गेले तर म्हणाल्या, "तुझ्या हाताला माती ओळखत नाही." लग्नाच्या एकोणीस वर्षांत त्यांनी मला यापेक्षा गोड काही म्हटल्याचं आठवत नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा तोउआ होमोकाबरोबर जाणार होता. एकूण सोळा पुरुष.

ऑक्टोबरच्या शेवटी गलबत निघालं. गाव किनाऱ्यावर उभं राहून गात होतं आणि मी आमच्या ओट्यावरून बघत होते, कारण माझे नियम सूर्य उगवल्यापासून सुरू झाले होते. शिडं मोठी दिसत होती, मग छोटी, मग दिसेनाशी झाली. मला रडू आलं. इतकी चेष्टा करते मी त्याची, पण माझं म्हणावं असं त्या घरात एवढंच एक माणूस आहे. आम्हाला मूल नाही.

गेउआवन्सं साकवावरून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"नियम माहीत आहेत ना?"

"माहीत आहेत."

"म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवले. शाळेतल्या पोरीसारखे, एकामागून एक. त्यांनी मध्ये दोनदा थांबवून सुधारलं.

"गलबत परत आलं तर चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "नाही आलं, तर तूही या घरात दिसायची नाहीस. सरळ टेकडीवर जायचं, तुझ्या वॉलब्यांकडे. हे मी एकटी नाही म्हणत, अख्खं गाव म्हणतंय."

"आणि वारा पडला तर?"

"वारा पडला तर का पडला, ते आधी शोधू."

म्हणजे दोषी मीच, हे आधीच शोधून झालं होतं, फक्त वारा पडायचा बाकी होता.

आता कुणी विचारेल, तुझा विश्वास नाही तर गुपचूप आंघोळ करायची होतीस, कोण बघतंय? गेउआवन्सं बघत होत्या, ही एक गोष्ट. रोज सकाळी भात, माशाचा डबा आणि पिण्याचं पाणी आणायच्या, आणि आल्या आल्या माझ्या मानेजवळ नाक आणून वास घ्यायच्या. डॉक्टर नाडी बघतो तसं. पण खरं कारण ते नाही. खरं कारण असं, की तिसऱ्या दिवशी मी बादलीपाशी गेले, तांब्या उचलला आणि मनात आलं, समजा. नुसतं समजा. तांब्या खाली ठेवला. देवावर विश्वास नसला तरी नवरा माझाच होता ना समुद्रात.

पहिला आठवडा खाज सुटते. दुसऱ्या आठवड्यात आपला आपल्याला वास येतो. तिसऱ्यात तो यायचा बंद होतो आणि दुसऱ्यांना यायला लागतो. महिनाभरानं केसांची अशी गाठ झाली की त्यात फणी अडकली असती तर तिथंच राहिली असती. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे उकाडा काय असतो ते मी सांगायला नको. शेजारच्या बायका साकवावरून जाताना आधी हळू जायच्या, गप्पा मारायच्या. पुढे पुढे पळत जायला लागल्या. डोगोडोमामा आले, ते तर ओट्याच्या पलीकडच्या टोकालाच थांबले.

डोगोडोमामा म्हणजे होमोकाचे मामा आणि गावातले सगळ्यात जाणते. रविवारी चर्चमध्ये डीकन, बाकीचे सहा दिवस पूर्वजांचे वकील. कुठली गोष्ट कशी सांगायची, कुठला नियम कुठे लागतो, हे सगळं त्यांच्याकडे. तोंडात सुपारी कायम, त्यामुळे कुणी अडचणीचं विचारलं की ते चघळत राहतात आणि विचारणारा कंटाळून निघून जातो.

"छान चाललंय," ते लांबून म्हणाले. "वास येतोय."

"मामा, देवानं तांडेलाला पण काही नियम घातले असतील ना? आंघोळीचे वगैरे?"

"तांडेल पाण्यावरच असतो. त्याला वेगळी आंघोळ कशाला?"

"आणि भांडायचं नाही हे त्यालाही?"

मामा सुपारी चघळत राहिले. मीही कंटाळून आत गेले.

डिसेंबरच्या सुरुवातीला होमोकाचा एकदाच फोन आला, आखातातल्या कुठल्याशा चौकीवरून. पोचलोय, मडकी सगळी खपली, साबू भरतोय, डुकराचं मटण रोज आहे, लहारा सुटला की निघतो. लहारा म्हणजे परतीचा वारा, वायव्येचा, तो नाताळच्या आसपास सुटतो. मी म्हटलं, माझी काही चौकशी? तर म्हणाला, "चूल पेटती आहे ना?" आणि फोन कट झाला. एक्केचाळीस दिवस न धुतलेल्या बायकोला नवरा हे विचारतो.

त्याच्या पुढच्याच रविवारी ती गोष्ट घडली. दुपार होती. सकाळपासून लाइट नव्हते. मी चुलीपाशी बसून हातपंख्यानं वारा घेत होते. गेउआवन्सं चर्चमधून आल्या, माझं जेवण ठेवलं, वास घेतला, मान हलवली. मग तोउआबद्दल बोलायला लागल्या. तो लहानपणी किती पोहायचा, त्याला भात किती लागतो, तिकडे नुसत्या साबूवर त्याचं कसं होत असेल. बोलता बोलता खाली वाकल्या, चुलीतलं एक जळतं लाकूड उचललं आणि साकवावरून आपल्या घरी निघून गेल्या. चहा करायला. लग्न होऊन शेजारी राहायला आल्यापासून त्या हेच करत आलेल्या. आधी आईच्या चुलीतून, मग माझ्या. हात सवयीनं गेला आणि डोकं मुलापाशी होतं.

मी बघितलं. तोंड उघडलं होतं मी, "वन्सं" म्हणायला. आणि मिटलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मनात म्हटलं, जाऊ दे, दोन कप चहा पिऊ देत, हे कधीतरी कामाला येईल.

अर्ध्या तासानं त्या परत आल्या. चेहरा पांढराफटक. हातात तेच लाकूड, आता वीतभर उरलेलं आणि टोकाला जेमतेम धुगधुगी असलेलं. मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं. त्यांनी हळूच ते लाकूड चुलीत खुपसलं, राख सारखी केली आणि बराच वेळ तिथंच उकिडव्या बसल्या. परत आणून ठेवलेला विस्तव दिल्यात धरतात की नाही, हे डोगोडोमामांना विचारायची सोय नव्हती. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं असणार. मी डोळे उघडले नाहीत.

नाताळ आला आणि गेला. वारा नाही. समुद्र ताटात पाणी ठेवावं तसा. आखातातल्या कुणाच्या तरी नातेवाइकाचा निरोप आला की होमोकाचं गलबत थोडा वारा सुटलेला बघून वीस तारखेलाच निघालं. नीट वारा असला तर आठवड्याचा प्रवास. एक जानेवारी झाली, पाच झाली, दहा झाली. लोक आधी ओट्यावर यायचे, मग यायचे थांबले, मग साकवावर लांब उभे राहून नुसते माझ्या घराकडे बघायला लागले. गेउआवन्सं रोज यायच्या, पण वास घेईनाशा झाल्या. जेवण ठेवायच्या, चुलीकडे बघायच्या आणि जायच्या. त्या जेवत नव्हत्या, ते मनगटांवरून कळत होतं. एकदा मी म्हटलं, "वन्सं, येतील ते." तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग चुलीकडे. त्यांना खरंच वाटत होतं की आपण आपल्या पोराला मारलं, एका चहासाठी.

तेव्हा माझा तो आनंद गेला.

बारा जानेवारीला सकाळी सगळं गाव माझ्याकडे आलं. मला पायरी उतरायची बंदी, म्हणून पंचायत माझ्याच ओट्यावर. मावतील तेवढे ओट्यावर, बाकीचे साकवावर. ओट्यावरची माणसं नाकाला फडकी लावून होती. डोगोडोमामा मध्ये बसले, त्यांनी आज सुपारीसुद्धा थुंकून टाकली होती. गेउआवन्सं खांबाला टेकून उभ्या.

"कोनियो," मामा म्हणाले, "लहारा आलेला नाही. एवढा उशीर माझ्या आठवणीत झालेला नाही. सोळा माणसं आहेत. आम्हाला विचारायलाच हवं."

"विचारा."

"तुझ्या माहेरच्यांनी वारा बांधलाय का?"

"माझ्या भावाकडे एक जुना ट्रक आहे, मामा. तो त्याला धड सुरू करता येत नाही. वारा कुठून बांधणार?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

"भांडू नकोस. नियमात आहे ते," मामा म्हणाले. "चूल विझली का?"

"एकदाही नाही."

"पायरी उतरलीस?"

"नाही."

"विस्तव घराबाहेर गेला?"

मी गेउआवन्संकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्या डोळ्यांनी काहीतरी सांगतील, गप्प बस म्हणून, नाहीतर सांगून टाक म्हणून. त्यातलं काही नव्हतं. त्या खाली फळ्यांमधून दिसणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. तोउआचं नाव घेत होत्या असं मला वाटलं. माझं एक वाक्य, की एकोणीस वर्षांचा हिशेब फिटला असता. घर माझं राहिलं असतं. टेकडीकडे कुणाची मान वळली नसती. आणि ही बाई त्या दिवसापासून मेलीच असती, कारण तिचा विश्वास होता. माझा नव्हता. ज्याचा विश्वास नाही त्यानं दोष घेतला तर त्याचं घर जातं. जिचा आहे तिचं सगळंच जातं.

"मामा," मी म्हटलं, "पुढचं कशाला विचारता? मी आंघोळ केली."

शहात्तर दिवसांचा वास त्या उकाड्यात सगळ्यांच्या मधोमध बसला होता. माझे केस म्हणजे नारळाची शेंडी झाली होती. मानेवर मळाचा थर असा, की खरवडला तर मडक्याला पुरला असता. पुढच्या रांगेतल्या बाईनं फडकं नाकावर आणखी दाबलं.

"केव्हा?" मामांनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी. आणि मग रोज."

"रोज."

"साबण लावून."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं नाक काही मेलेलं नव्हतं. पण सोळा घरांना उत्तर हवं होतं आणि उत्तर समोर बसलं होतं, तेही टेकडीवरचं, आपणहून हात वर करून. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, मग खाली बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "मला वाटलंच होतं." तिनं तर दोन्ही हातांनी नाक धरलं होतं.

"तू इथं असेपर्यंत वारा यायचा नाही," मामा म्हणाले.

"जाते मी."

मी पायरी उतरायला निघाले. गेउआवन्सं तशाच खांबाला टेकून होत्या. मी त्यांच्या जवळून गेले तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि मी पटकन पुढे सरकले, कारण त्या बोलल्या असत्या तर सगळंच फुकट गेलं असतं. माझा राग नव्हता त्यांच्यावर. माझा राग त्या पुढच्या रांगेवर होता.

भाऊ वाबुरी ट्रक घेऊन आला. मला आत बसू दिलं नाही, मागे हौद्यात बसवलं. "ताई, माफ कर," म्हणाला, "पण सीट नवीन आहे."

टेकडीवर वहिनीनं पिंप भरून ठेवलं होतं. पहिला तांब्या भरून डोक्यापाशी नेला. डोळे मिटले आणि होमोका दिसला, तोउआ दिसला, सगळे सोळा दिसले. आता गावानंच मला हाकललंय, आता मी कुणाची तांडेलीण, असं स्वतःला बजावलं आणि ओतला. मग थांबले नाही. तीन पिंपं लागली. वहिनीनं पाठ घासली, केस भिजवले, सोडवता येतील तेवढे सोडवले आणि बाकीचे कापले. पहिल्या पिंपाचं पाणी खाली वाहत गेलं तिथं कुत्रीही गेली नाहीत. अंगाला वारा लागत होता, आणि मी ओल्या केसांनी बसून लहान पोरीसारखी हुंदके देत होते. एवढं सुख आणि एवढी भीती एकाच वेळी मी कधी बघितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी झाडं हलली. वाबुरी अंगणात बोट वर करून उभा राहिला. "वायव्य," म्हणाला. "लहारा. काय ताई, आजीचं काही शिकलीस की काय?" मी त्याला गप्प बस म्हटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ओरडत आली, की खाली बंदराच्या तोंडाशी शिडं दिसतायत.

जायचं नाही असं ठरवलं होतं. पण पाय निघाले. वाबुरीनं मला यावेळी पुढच्या सीटवर बसवलं.

किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागे उभी राहिले. लागातोई जाताना होती त्याच्या दुप्पट झाली होती. आखातातून नवे ओंडके जोडून आणले होते आणि त्यांच्यावर साबूच्या थप्प्या. सोळा माणसं मी मोजली. पुन्हा मोजली. तोउआ पहिला उतरला आणि गेउआवन्संनी त्याला असा धरला की तो मागे पडला, पाण्यातच. होमोका मागून उतरला. पोट सुटलं होतं त्याचं. परतीची बरीच वाट कापल्यावर वारा पडला आणि तीन आठवडे एका नदीच्या मुखाशी अडकून पडले होते, फोनची बॅटरी संपलेली, आणि खायला गलबतभर साबू.

"कोनियो कुठाय?" त्यानं विचारलं. पहिलं तेच विचारलं, हे मी त्याच्या बाजूनं नक्की सांगेन.

लोक बाजूला झाले. मी दिसले. कापलेले केस, धुतलेला झगा, स्वच्छ. नियमाप्रमाणे शिडं दिसल्यावर बायकोनं आंघोळ करायची असते. माझे केस बघून कुणालाही कळत होतं, की माझी आंघोळ शिडांच्या आधीची आहे.

डोगोडोमामांच्या तोंडात पुन्हा सुपारी आली होती. ते होमोकाला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुझ्या बायकोनं नियम मोडला. रोज आंघोळ केली. कबूल केलं तिनं. तिला गावाबाहेर काढलं आणि तिसऱ्या दिवशी लहारा सुटला. बघ, गोष्ट खरी असते ती अशी. पुढच्या वेळी पोरांना सांगायला हे चांगलं आहे."

लोकांनी माना डोलावल्या. होमोकानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली आणि काहीच बोलला नाही.

त्या माणसासाठी मी शहात्तर दिवस तांब्याला हात लावला नव्हता.

"विस्तव मी नेला होता," गेउआवन्सं म्हणाल्या.

त्या अजून गुडघाभर पाण्यातच उभ्या होत्या, झगा ओला, एका हातानं तोउआचं मनगट धरलेलं.

"डिसेंबरमध्ये. रविवारी. तिच्या चुलीतनं. त्यावर चहा केला आणि दोन कप प्यायले. हिनं बघितलं होतं, मला माहीत आहे, झोपेचं सोंग हिला जमत नाही. आणि मी गावातच होते, मला कुणी काढलं नाही. तरी लहारा सुटला. तरी माझा पोरगा आला. याचं काय करायचं, मामा? हेही सांगा पोरांना."

मामा चघळत राहिले. यावेळी विचारणारी कंटाळली नाही.

"ती म्हणाली आंघोळ केली," मामा शेवटी म्हणाले.

"तुम्ही ओट्यावर होतात. तुम्हाला नाक आहे का?" वन्सं म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळल्या. "तुम्हाला आहे? एकेकानं फडकं धरलं होतं तोंडाला. माझ्यासाठी ती खोटं बोलली, ते तुम्हा प्रत्येकाला कळलं होतं. मलाही कळलं होतं. आणि आपण तिला जाऊ दिलं."

त्या म्हातारीनं तोंड फिरवलं. होमोका माझ्याजवळ आला, खालच्या आवाजात म्हणाला, "मला माहीत होतं, तू नियम मोडणार नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

तो काहीतरी सांगायला लागला, प्रवासाचा शीण, मामांचं वय, असं काहीतरी. गेउआवन्सं पाण्यातनं बाहेर आल्या आणि त्याला हातानं बाजूला केलं.

"विचारू नकोस त्याला," त्या मला म्हणाल्या. "तो साबू उतरवेल. तू घरी चल. घर तुझं आहे, आणि कुणी काही म्हटलं तर मी शेजारीच राहते."

त्यांनी माझा हात धरला. मातीनं खरखरीत झालेला हात, आणि थंडगार. सगळ्या गावासमोर मी रडायला लागले आणि त्यांनी मला गप्प केलं नाही.